लांब पल्ल्याची श्रद्धा

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात विश्वासणाऱ्यांना शर्यतीतल्या धावपटूंसारखे, बक्षिसावर नजर ठेवून धावायला सांगितले आहे. थोड्याच वर्षांनी त्याने रोमच्या मंडळीला पत्र लिहिले. त्याचाही नववाच अध्याय उघडावा, तर तिथे तो बजावतो की माणसाने कितीही इच्छा धरली, कितीही धाव घेतली, तरी अखेर सारे देवाच्या दयेवर आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने लिहिल्या, आणि दोन्ही तितक्याच कळकळीने. जिवाच्या कराराने धावायचे आणि धावण्याच्या जोरावर काही पदरात पडत नाही हेही मानायचे, असा हा पेच आहे. कृपा आणि कर्म यांच्याबद्दल ख्रिस्ती धर्मचिंतनात शतकानुशतके जो वाद चालला, त्याचे बीज इथे सापडते. लांब पल्ल्याच्या धावेचे रूपक मला मोलाचे वाटते ते याच कारणाने. हा पेच ज्याला पुस्तकात कळत नाही, त्याला तो पायांत कळतो. प्रस्तुत संग्रहातले लेख वेगवेगळ्या काळांविषयी आणि वेगवेगळ्या पंथांतून लिहिलेले असले, तरी ते सगळे या एका पेचाभोवती फिरतात.

आपल्याकडे श्रद्धा चालत जाते. आषाढीच्या वाटेवर पालखीबरोबर जवळजवळ तीन आठवडे पायी जाणे हे मराठी मनाला भक्तीचे सर्वांत ओळखीचे रूप. धावणे त्यात येते ते थोडके. वेळापूरजवळच्या उतारावर वारकरी धावत सुटतात, कारण तिथून तुकोबांना पंढरीचे शिखर दिसले आणि ते धावत निघाले, अशी आठवण सांगतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण अभंग त्यांनी सोडला नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असेच ते मानत. जॉन बन्यनच्या रूपककथेचा हरि केशवजींनी केलेला अनुवाद ‘यात्रिकक्रमण’ १८४१ साली आला, आणि त्याचा नायकही यात्रेकरूच. त्यामुळे शर्यतीचे रूपक मराठी वाचकाच्या कानावरून गेलेले असते, पण त्यामागचे मैदान त्याने पाहिलेले नसते. म्हणून आधी त्या मैदानात जाऊ.

करिंथपासून जवळच, दोन समुद्रांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर पोसायडनचे देऊळ होते, आणि त्याच्या नावाने दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. पौल इ.स. ५० ते ५२ च्या सुमारास दीड वर्ष करिंथमध्ये राहिला. हा काळ इतका नेमका सांगता येतो, कारण ज्या रोमन अधिकाऱ्यापुढे त्याला उभे करण्यात आले, त्या गॅलियोचा उल्लेख डेल्फीच्या एका शिलालेखात सापडला आहे. इ.स. ५१ चे खेळ याच मुक्कामात येतात. पौल तिथे अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू बनवून पोट भरत होता; खेळांना लोटणाऱ्या गर्दीला तंबू लागत असणार, असा अभ्यासकांचा तर्क आहे. तो तर्क मला पटतो. करिंथच्या लोकांना धावपटूची उपमा देताना पौल ग्रंथातले उदाहरण देत नव्हता, गावातलीच गोष्ट सांगत होता.

त्या गावातल्या शर्यतीचे नियम साधे आणि कठोर होते. मुख्य शर्यत म्हणजे स्टेडियन, मैदानाची एक लांबी. ऑलिंपियात ती सुमारे १९२ मीटर भरते, इस्थमियात थोडी कमी. दोन लांब्यांच्या शर्यतीला दियाउलोस म्हणत. लांब पल्ल्याची शर्यत दोलिखोस. ती ७ पासून २४ लांब्यांपर्यंत कितीही असे, म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण सव्वा ते साडेचार किलोमीटर. धावपटू अनवाणी धावत आणि टोकाच्या खांबाला वळसा घालून परत फिरत. बक्षीस एकालाच, आणि तेही पाइनच्या डहाळ्यांचा किंवा सेलरीच्या पानांचा मुकुट. पौलाने त्या सुकून जाणाऱ्या मुकुटावरच बोट ठेवले. त्या शतकाच्या मध्याला इस्थमियाला मुलींच्याही शर्यती होत, हे डेल्फीच्याच आणखी एका शिलालेखावरून कळते. करिंथच्या मंडळीतल्या बायकांनी पौलाचे पत्र ऐकले, तेव्हा धावणारी म्हणून त्यांच्या डोळ्यांपुढे एखादी मुलगीही आली असेल, हा विचार मला फार सुखावतो.

यात मॅरेथॉन कुठेच नाही. ४० किलोमीटरची शर्यत प्राचीन ग्रीसमध्ये नव्हतीच. फ्रेंच भाषापंडित मिशेल ब्रेआल यांच्या सूचनेवरून ती १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकसाठी तयार झाली आणि स्पिरिडॉन लुईस हा ग्रीक धावपटू ती जिंकला. आजचे ४२.१९५ किलोमीटरचे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधले. ते कायमचे ठरले १९२१ मध्ये. तेव्हा प्रवचनात कोणी श्रद्धेला मॅरेथॉन म्हणतो, तेव्हा पौलाच्या चित्रात तो आपल्या काळाचे चित्र मिसळत असतो. मला त्यात गैर काही दिसत नाही, कारण या रूपकाचा सगळा इतिहास अशाच मिसळण्याचा आहे. फक्त आपण काय करतो आहोत, हे ठाऊक असावे.

बायबलमध्ये लांब पल्ला खऱ्या अर्थाने येतो तो इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात. त्याचा लेखक कोण, हे निश्चित नाही. पण त्याने शर्यतीचा कणाच बदलला. करिंथच्या पत्रात जिंकणे महत्त्वाचे होते. इथे टिकून राहणे महत्त्वाचे झाले. धावणारा अंगावरचे ओझे उतरवतो, आणि सभोवार जे बसले आहेत ते नुसते बघे नाहीत, त्याच्या आधी ती वाट पुरी केलेले लोक आहेत. या शर्यतीत हरणारा कोणी नाही. पौलाच्या आपल्या पत्रांतही हे रूपक एका जागी थांबत नाही. गलतीकरांना तो विचारतो की छान चालली होती तुमची धाव, मध्ये कोण आडवा आला? फिलिप्पैकरांना तुरुंगातून लिहिताना मागचे विसरून पुढे झेपावणाऱ्या माणसाचे चित्र काढतो, आणि त्याआधीच कबूल करतो की आपण अजून पोचलेलो नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात धाव संपवलेला म्हातारा बोलतो आहे.

परूशी घराण्यात वाढलेल्या माणसाने हे रूपक उचलावे, याचे मोल कळायला थोडे मागे जावे लागते. इ.स.पूर्व १७५ च्या सुमारास यरुशलेममध्ये ग्रीक पद्धतीची व्यायामशाळा उभी राहिली, तेव्हा धर्मनिष्ठ यहुद्यांना तो आपल्या परंपरेवरचा घाला वाटला. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात त्याची चीड स्पष्ट नोंदलेली आहे. तरीही अलेक्झांड्रियाच्या फिलोसारखे यहुदी विचारवंत खेळाडूच्या प्रतिमा मोकळेपणाने वापरू लागले होते, आणि सेनेका, एपिक्टेटस हे स्टोइक तत्त्वज्ञ तर सद्गुणाच्या साधनेला कुस्ती आणि कसरतच मानत. पौलाने या सगळ्यांकडून घेतले. व्हिक्टर फिट्झनर यांच्या १९६७ च्या ग्रंथापासून हा विषय अभ्यासकांच्या चर्चेत पक्का रुजला. स्टोइकांचा खेळाडू स्वतःवर विजय मिळवतो. पौलाचा धावपटू कोणीतरी आपल्याला आधीच पकडले आहे, या जाणिवेने धावतो. हा फरक सुटला की बाकी सगळेच सुटते.

या संदर्भात एका धावेचा उल्लेख क्वचितच होतो, आणि या संग्रहात मी तो आग्रहाने आणला आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या मुलगा घरी परततो, तेव्हा त्याला दुरून पाहून धावतो तो बाप. केनेथ बेली यांनी मध्यपूर्वेतल्या खेड्यांत अनेक वर्षे राहून दाखवून दिले की त्या समाजात वयस्कर, जमीनजुमला असलेल्या माणसाने चारचौघांत धावणे म्हणजे आपली प्रतिष्ठा धुळीला मिळवणे. गजेंद्रासाठी आणि द्रौपदीसाठी धावून जाणारा देव आपल्या कीर्तनांत रोज भेटतो, त्यामुळे मराठी श्रोत्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. पौलाच्या दोन पत्रांमधला पेच इथे थोडा सैल होतो, असे मला वाटते. माणूस धावायला लागतो तेव्हा समोरून धाव आधीच सुरू झालेली असते.

पुढच्या शतकांत हे रूपक आधी रक्तात भिजले. छळाच्या काळात हुतात्म्यांना खेळाडू म्हणण्याची रीत पडली. रोमच्या क्लेमेंटने पहिल्या शतकाच्या अखेरीस पेत्र आणि पौल यांच्याबद्दल तसेच लिहिले. कार्थेजची पर्पेतुआ २०३ साली मारली गेली, त्याआधी तिला स्वप्नात आपण आखाड्यात झुंजत असल्याचे दिसले होते. त्याच शहरातला तर्तुलियन एकीकडे ख्रिस्ती लोकांनी खेळ बघायलासुद्धा जाऊ नये म्हणून ग्रंथ लिहीत होता आणि दुसरीकडे तुरुंगातल्या हुतात्म्यांना धीर देताना खेळाडूंचेच दाखले देत होता.

छळ थांबल्यावर ही शर्यत आत वळली. चौथ्या शतकात निस्साचा ग्रेगरी ‘मोशेचे जीवन’ या ग्रंथाची सुरुवातच घोड्यांच्या शर्यतीत ओरडून जोर देणाऱ्या प्रेक्षकांच्या चित्राने करतो, आणि मग एक विलक्षण गोष्ट मांडतो. मोजता येणाऱ्या वस्तूंची पूर्णता त्यांच्या सीमेत असते. सद्गुणाला मात्र सीमाच नाही, म्हणून त्याची पूर्णता पुढे जात राहण्यातच आहे. देव अनंत असल्यामुळे त्याच्याकडे जाणारी धावही स्वर्गात थांबत नाही. माझ्या मते या रूपकाने गाठलेली ही सर्वांत मोठी उंची आहे. बक्षिसाच्या हव्यासाला तिने असे उत्तर दिले की बक्षीसच चालत्या वाटेचे झाले. सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठाच्या नियमावलीच्या प्रस्तावनेत याच अर्थाने मन विशाल होत जाते तशी धाव हलकी होते असे लिहिले, आणि पाश्चात्त्य मठांनी ते तेव्हापासून जपले.

ग्रेगरीच्याच काळात इजिप्तच्या वाळवंटात इवाग्रियसने साधकाच्या एका शत्रूचे वर्णन केले. साधारण सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत तो येतो. सूर्य हललाच नाही असे वाटायला लावतो, कोठडीची शिसारी आणतो, ही सगळी साधना व्यर्थ आहे असे सुचवतो. मॅरेथॉन धावणाऱ्याला या वर्णनातले अक्षर न् अक्षर ओळखीचे वाटेल. तिसाव्या किलोमीटरच्या पुढे स्नायूंतला आणि यकृतातला ग्लायकोजेनचा साठा संपत येतो, पाय जड होतात, आणि धावपटू ज्याला ‘वॉल’ म्हणतात ती लागते. तिथे शरीराबरोबर हेतूही थकतो. आपण हे का करतो आहोत, याचे उत्तर डोक्यात सापडेनासे होते. सुरुवातीच्या उत्साहाचा त्या वेळी काही उपयोग नसतो. उपयोगी पडतात ते महिनोन्महिने पहाटे उठून केलेले लाँग रन, आणि शेजारून धावणारे कोणीतरी. इवाग्रियसने आणि त्याच्या परंपरेने सुचवलेला उपायही असाच साधा: जागा सोडू नये, ठरलेले काम आणि ठरलेली प्रार्थना चालू ठेवावी.

धर्मसुधारणेनंतर प्युरिटनांनी या रूपकात भीती भरली. बन्यनच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १६९८ मध्ये, ‘द हेवनली फुटमन’ हे त्याचे पुस्तक छापले गेले. करिंथच्या पत्रातल्या त्याच वचनावर ते उभे आहे, आणि धावणाऱ्या सगळ्यांना मिळेलच असे नाही, ही धास्ती त्यात पानोपानी आहे. हा सूर मला जड वाटतो. पण बारा वर्षे तुरुंगात काढलेल्या माणसाचा तो सूर आहे, हे विसरता येत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडने धाव पुन्हा खऱ्या मैदानावर आणली. चार्ल्स किंग्जली आणि ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ (१८५७) लिहिणारे टॉमस ह्यूज यांच्याभोवती बलोपासक ख्रिस्ती धर्माची चळवळ वाढली. शरीर देवाने दिलेले आहे, ते कमावणे हा धर्मच, ही तिची चांगली बाजू. साम्राज्याची मर्दुमकी आणि श्रद्धा यांची सरमिसळ ही वाईट बाजू. १८४४ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या वायएमसीएने तिचा वारसा जगभर नेला. १९२० मध्ये मद्रासला निघालेले वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय हे त्याचे भारतातले मोठे फळ.

या परंपरेतले सर्वांत प्रिय नाव एरिक लिडेल. चीनमधल्या तिएनत्सिनला स्कॉटिश मिशनरी कुटुंबात १९०२ साली त्याचा जन्म झाला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या म्हणून त्याने त्या शर्यतीत भाग घेतला नाही, आणि ४०० मीटरचे सुवर्णपदक ४७.६ सेकंदांत जिंकले. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ (१९८१) या चित्रपटाने ही गोष्ट घरोघरी नेली. धावताना देवाला वाटणाऱ्या आनंदाबद्दलचे जे वाक्य त्याच्या तोंडी सर्वत्र सांगितले जाते, ते मात्र पटकथाकाराचे आहे. लिडेल लांब पल्ल्याचा धावपटू नव्हता. तरीही तो या संग्रहात आहे, कारण त्याचा लांब पल्ला पदकानंतर सुरू झाला. १९२५ मध्ये, कीर्ती शिखरावर असताना, तो चीनला परतला. आधी शिक्षक म्हणून, मग खेड्यांतला मिशनरी म्हणून. युद्धात जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या छावणीत डांबले. तिथे पालकांविना अडकलेल्या मुलांना तो शिकवत असे आणि खेळवत असे. रविवारी कोणावर देखरेख नसली की मुले भांडतात, हे पाहून रविवारच्या खेळालाही तो पंच म्हणून उभा राहिला. ज्या नियमासाठी त्याने शर्यत सोडली होती, तो त्याने मुलांसाठी बाजूला ठेवला. २१ फेब्रुवारी १९४५ ला, मेंदूतल्या गाठीने, तो छावणीतच गेला. पॅरिस आणि वेइशिएन या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय लिडेल सांगून होत नाही.

गेल्या अर्धशतकात या रूपकाचे केंद्र आफ्रिकेकडे सरकले आहे. केनियातल्या इतेनच्या सेंट पॅट्रिक्स शाळेत १९७६ मध्ये आलेले आयरिश धर्मबंधू कॉम ओकॉनेल यांनी अनेक विश्वविजेते घडवले. इथियोपियाच्या मेसेरेत देफारने २०१२ मध्ये लंडनला ५००० मीटरचे सुवर्णपदक जिंकल्यावर कपड्यात जपून ठेवलेले मरियामातेचे आणि बाळाचे चित्र काढून जगासमोर धरले. पश्चिमेत याच काळात धावण्याचे चिंतनपर साहित्य वाढले. हृदयरोगतज्ज्ञ जॉर्ज शीहन यांच्या ‘रनिंग अँड बीइंग’ (१९७८) या पुस्तकामागे कॅथलिक मन आहे. यूजीन पीटरसन यांनी ‘रन विथ द हॉर्सेस’ (१९८३) मध्ये यिर्मयाच्या बाराव्या अध्यायातला प्रश्न उचलला: माणसांबरोबर धावताना दमलास, तर घोड्यांबरोबर कसा धावशील? आणि २०१९ मध्ये, टायबर नदीकाठी पहाटे धावणाऱ्या व्हॅटिकनच्या कर्मचाऱ्यांतून, ‘अथलेतिका वातिकाना’ हा पोपच्या राज्याचा अधिकृत संघ उभा राहिला.

मराठीत हे पुस्तक आताच का, याचे उत्तर आपल्या रस्त्यांवर आहे. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून भरते, वसई-विरारची २०११ पासून. वसईची शर्यत डिसेंबरातल्या रविवारी, म्हणजे आगमनकाळात येते, आणि तिथल्या ख्रिस्ती धावपटूला शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला जाऊन रविवारी पहाटे धावायचे की काय, हे दरवर्षी ठरवावे लागते. लिडेलचा प्रश्न असा आपल्या दारात आला आहे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. मनगटावरचे घड्याळ प्रत्येक किलोमीटरचा हिशेब देते, आणि हिशेबाची ही सवय श्रद्धेलाही लागते: किती प्रार्थना, किती उपवास, कोण पुढे, कोण मागे. यशालाच कृपेची खूण मानणारी प्रवचने वाढत असताना पौलाचे रोमकरांस लिहिलेले ते दुसरे वाक्य पुन्हा मोठ्याने वाचण्याची गरज आहे.

या रूपकावर एक आक्षेप असा आहे, की तो टाळून पुढे जाणे मला अप्रामाणिक वाटले असते. ज्याला धावता येत नाही, त्याचे काय? जो अंथरुणाला खिळला आहे, जिचे सांधे झिजले आहेत, जो जन्मतः चालू शकत नाही, त्यांना हे रूपक बाहेर उभे करते का? प्रवचनकार याच्या उत्तरादाखल १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमधल्या जॉन स्टीफन आख्वारी या टांझानियन धावपटूचे उदाहरण देतात. जखमी गुडघ्याने, विजेत्यानंतर तासाभराहून अधिक वेळाने, तो शर्यत पूर्ण करणाऱ्यांत सर्वांत शेवटी आला. उदाहरण थोर आहे, पण ते आक्षेपाला पुरे पडत नाही. आख्वारी अखेर आपल्या पायांनीच पोचला. त्याहून खोल उत्तर डिक आणि रिक हॉइट या अमेरिकन बाप-लेकाच्या गोष्टीत आहे. रिकला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. बापाने त्याची खुर्ची ढकलत बोस्टन मॅरेथॉन ३२ वेळा पूर्ण केली. ही गोष्ट सांगताना सगळे बापाकडे बघतात. या संग्रहातल्या एका लेखाने खुर्चीत बसलेल्या मुलाच्या जागेवरून ती वाचली आहे: तो शर्यतीत आहे, अंतर पुरे करतो आहे, आणि एकही पाऊल त्याचे नाही. कृपेबद्दल पौलाला जे म्हणायचे होते, ते याहून नेमके कसे दाखवावे, मला माहीत नाही.

या पुस्तकाने काय करायचे ठरवले आणि काय नाही, तेही सांगतो. हे प्रशिक्षणाचे पुस्तक नाही, आणि बायबलमधल्या वचनांचे भाष्यही नाही. धर्मग्रंथ, इतिहास आणि धावणाऱ्यांचा अनुभव या तिन्हींना एका पंगतीला बसवण्याचा हा प्रयत्न आहे. लेखकांत कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघेही आहेत, आणि कृपा व कर्म यांच्या प्रश्नावर त्यांचे एकमत नाही; संपादक म्हणून मी मतभेद बुजवलेले नाहीत. ज्यांनी कधी धाव घेतली नाही त्यांनी वेइशिएनवरच्या लेखापासून वाचायला सुरुवात करावी, आणि धावणाऱ्यांनी ग्रेगरीपासून. पूर्वेकडच्या मंडळ्यांचे, विशेषतः सिरियन आणि इथियोपियन परंपरेचे, साहित्य इथे फार थोडे आले आहे; त्यासाठी त्या भाषा जाणणाऱ्या मराठी अभ्यासकाची वाट पाहावी लागेल. बायबलमधल्या पुस्तकांची आणि व्यक्तींची नावे मराठी बायबलमध्ये रूढ आहेत तशीच ठेवली आहेत, आणि प्राचीन अंतरे सर्वत्र मीटर-किलोमीटरमध्ये दिली आहेत.